पीछे दो चालीस

गेल्या आषाढात एका संध्याकाळी पुण्यात डेक्कनवरचे काम आटोपून निघालो असताना पावसाने गाठले. आडोसा शोधता शोधता मी ज्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, तिथेच पूर्वी आमचा इराणी, म्हणजे इराण्याचे हॉटेल, होता, हे ध्यानात यायला मला मिनिटभर लागले. आता तिथे पाच मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर चष्म्यांचे काचबंद दुकान आहे. समोरचे वडाचे झाड तेवढे जुने. त्या झाडाच्या बुंध्यावर नजर ठेवून मी मनातल्या मनात अंतर मोजले, तेव्हा लक्षात आले की जिथे मी ओली छत्री मिटून उभा होतो, साधारण तिथेच दारापासूनचे तिसरे टेबल होते.

त्या टेबलाशी मी १९८४ ते १९९१ अशी सात वर्षे बसलो. 'बसलो' हाच शब्द मला योग्य वाटतो, कारण खाल्ले-प्यायले म्हणण्याइतके पैसे आमच्या खिशात क्वचितच असत. दोन चहा आणि एक बनमस्का यांचे मिळून दोन रुपये चाळीस पैसे होत आणि तेवढ्यावर आम्ही चौघे तीन-तीन तास काढत असू. बिल लिहून देण्याची पद्धत नव्हती. कोणत्या टेबलावर काय गेले हे वाढणाऱ्याच्या डोक्यात असे आणि गिऱ्हाईक उठले की तो आतूनच गल्ल्याकडे हाळी देई, "आगे सत्तर पैसे, पीछे दो चालीस!" गल्ल्यावरचे शेठ मान वर न करता लाकडी खण ओढत आणि आम्ही पोचेपर्यंत सुट्टे पैसे काढून ठेवत. महिनाअखेरीला आमच्यापाशी पैसे नसत, हेही वाढणाऱ्याला आमच्या बसण्यावरून कळे. त्या दिवशी तो हाळी देत नसे. आम्ही उठलो की तो फडके खांद्यावर टाकून दुसरीकडे वळे, शेठ रस्त्याकडे बघत राहत आणि आम्ही चौघे भरल्या हॉटेलातून कोणाचीही नजर न झेलता बाहेर पडत असू. पुढच्या आठवड्यात मनीऑर्डर आली की तो सगळा हिशेब एकदम पुकारला जाई, आणि तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

मी परभणीहून आलो होतो. जूनमधल्या एका पहाटे लोखंडी ट्रंक आणि वळकटी घेऊन शिवाजीनगरच्या एसटी स्थानकावर उतरलो, तेव्हा पुण्यात माझ्या ओळखीचे एकही माणूस नव्हते. (ते स्थानकही मेट्रोच्या कामापायी वाकडेवाडीला हलले. मराठवाड्यातून येणाऱ्या माझ्या पिढीच्या मुलांनी पुण्यात पहिले पाऊल ठेवले ती जागाच आता तशी राहिलेली नाही.) फर्ग्युसन महाविद्यालयात अकरावीला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात मिळाला नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात 'कॉट बेसिस'वर जागा घेतली. हा शब्दप्रयोग पुण्याबाहेरच्या वाचकाला कदाचित नवा असेल. खोली भाड्याने घ्यायची नाही, खोलीतली एक खाट भाड्याने घ्यायची, आणि त्या खाटेखाली जेवढे मावेल तेवढाच आपला संसार. चार खाटांच्या त्या खोलीत एक खिडकी आणि एक चाळीस वॅटचा दिवा होता. मित्राला घेऊन बसावे, चर्चा करावी, रडावे अशी जागा तिथे नव्हती. आम्ही बाहेर बसलो याचे पहिले कारण हेच आहे. पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात आणि फर्ग्युसनची स्थापना १८८५ ची म्हटल्यावर त्या म्हणण्यात वावगे काही नाही. परंतु बाहेरगावच्या मुलाला या माहेरघरात ओटी-ओसरी मिळाली ती कोपऱ्यावरच्या हॉटेलांत, खाणावळींत आणि पुढे वय वाढल्यावर परमिट रूममध्ये.

आमच्या इराण्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या कुटुंबाची परवानगी मी घेतलेली नाही. ज्यांची नावे साऱ्या गावाला ठाऊक आहेत त्यांतली थोडीच उरली आहेत. गुडलक १९३५ पासून आजही उभे आहे आणि चौक त्याच्याच नावाने ओळखला जातो. डेक्कनवरचे लकी मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरले आहे. कँपात महात्मा गांधी रस्त्यावरचे नाझही गेले. नाझच्या सामोशाची चव सांगताना माझा कँपातला मित्र आजही बोटे आवळून दाखवतो. पत्ता सांगताना आम्ही अजूनही मेलेल्या जागांची नावे घेतो, 'लकीच्या पुढे', 'नटराजसमोर', आणि समोरचा तरुण नम्रपणे मोबाइलमध्ये नकाशा उघडतो.

इराण्यांच्या हॉटेलांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे संगमरवरी टेबलांवर आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्यांवर अडकून पडलेले असते. माझ्या आठवणीत ती टेबले थंडगार होती, एवढे खरे. मे महिन्यात दुपारी आम्ही पालथे हात त्यांवर टेकवून बसत असू. पण मला तिथे पाहायला आवडे ते बनमस्का तयार होताना. कठड्यामागे एक म्हातारा कारागीर असे. तो बन हातात घेई, अंगठ्याने वरून किंचित दाबून ताजेपणा बघे आणि लांब पात्याच्या सुरीने एका ओढीत त्याचे आडवे दोन भाग करी, पण एका कडेला ते जोडलेलेच ठेवी. मस्का पितळी डब्यात पाण्यावर ठेवलेला असे. तो सुरीच्या टोकाने उचलून आधी कडांना लावायचा आणि मग मध्ये आणायचा, असा त्याचा क्रम होता. पहिला घास कोरडा लागता कामा नये, असे त्याने मला एकदा सांगितले. मग बन मिटून पुन्हा एकदा उभा-आडवा कापला जाई आणि बशीत चार तुकडे येत. चौघांत एक बन मागवणाऱ्या आमच्यासाठी चौथा तुकडा तो मुद्दाम मोठा कापत असे की आम्हालाच तसे वाटे, हे आता ठरवता येणार नाही.

हे इराणी लोक इराणातल्या यझ्द आणि करमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुंबई-पुण्याकडे आले. त्यांत झरतुष्ट्री होते, तसेच मुसलमानही होते. कोपऱ्यावरची जागा व्यापाराला लाभत नाही अशा समजुतीमुळे इतर दुकानदार ती टाळत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असे सर्वत्र सांगितले जाते. आमचे शेठही हेच सांगत. समजूत खरी असो वा नसो, कोपऱ्याला दोन रस्ते दिसतात, दोन बाजूंनी वारा येतो आणि दोन दारे ठेवता येतात. घाईत असलेल्याने एका दाराने यावे, चहा घ्यावा आणि दुसऱ्याने जावे, अशीच ती रचना होती. त्या रचनेत आमच्यासारख्यांनी तीन-तीन तास ठाण मांडावे हे धंद्याच्या दृष्टीने मुळीच परवडणारे नव्हते. तरीही आम्हाला कोणी उठवले नाही. ते का, याचे उत्तर मला बारा वर्षांनी मिळाले आणि त्याने माझ्या आठवणींचा रंग बदलला.

मी पुढे बँकेत लागलो. २००३ साली मी कर्जविभागात असताना एका जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची फाइल माझ्या टेबलावर आली आणि पहिल्याच पानावरचा नकाशा पाहून माझे हात थांबले. तो आमचाच कोपरा होता. कागदांत भाडेपावत्यांच्या प्रती होत्या. तळमजल्यावरच्या त्या दोन दारांच्या, साठ-सत्तर माणसे मावणाऱ्या जागेचे भाडे महिना पासष्ट रुपये होते. मी ती पावती दोनदा वाचली. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे, किंवा जागा त्यानंतर प्रथमच भाड्याने गेली असेल तर ते पहिले भाडे, असे ठरवून टाकले होते. पुण्यालाही तो कायदा लागू होता. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना रस्त्यावर यावे लागू नये, हा त्यामागचा हेतू चांगला होता. परंतु मुदतीमागून मुदतवाढ मिळत तो कायदा पन्नास वर्षे टिकला आणि भाडे मात्र होते तिथेच राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत असे म्हटले. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पासष्ट रुपयांवर चार टक्के म्हणजे महिन्याला अडीच रुपयांच्या आसपास. आमचा दोन चहा आणि बनमस्क्याचा हिशेब जवळजवळ तेवढाच होता.

फाइलीसोबत मालकांच्या जागेची पाहणी करणे माझ्या कामाचा भाग होता. मालक म्हणजे एक वृद्ध विधवा बाई आणि त्यांचा नातू. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या राहत. सात वर्षे मी त्या खोल्यांच्या खाली बसलो होतो आणि वर कोण राहते हे मला ठाऊक नव्हते. छताच्या पत्र्याखाली तीन पातेली ठेवलेली होती आणि त्यांतल्या एकात पाण्याचे थेंब पडत होते. बाईंनी मला चहा दिला. मी खाली शिकत असताना येत असे हे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरं फार मोठ्यानं हसायचात. रात्री आवाज यायचा वर." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. परंतु आमचे ते हसणे, ते तासन् तास बसणे, ती शेठची उदारता, हे सगळे त्या पासष्ट रुपयांवर आणि त्या तीन पातेल्यांवर उभे होते, हे त्या दिवशी मला प्रथम दिसले. शेठचे मन मोठे होते, यात मला आजही शंका नाही. परंतु मन मोठे ठेवणे ज्यामुळे परवडते ती किंमत वरच्या मजल्यावर कोणीतरी मोजत होते. शेठचा एक मुलगा इंजिनिअर झाला होता आणि दुसरा परदेशी गेला होता. पहाटे चारला भट्टी पेटवायला आणि रात्री अकराला फळ्या लावायला घरात कोणी उरले नव्हते. बिल्डरने दिलेला मोबदला त्यांनी स्वीकारला. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. मालकीणबाईंचेही नाही. इमारत पडली तेव्हा मला फार वाईट वाटले आणि ते वाटणे कोणाच्याही विरुद्ध नव्हते, म्हणून ते कुठे ठेवावे हे कळेना.

वाढणाऱ्या मुलांचा हिशेब तर कोणत्याच फाइलीत नव्हता. ती आमच्याच वयाची होती. रात्री फळ्या लागल्या की त्याच टेबलांवर चादर अंथरून झोपत. आम्ही टेबल सोडले तरच त्यांची पाठ टेकणार, हे आम्ही जाणून होतो आणि तरीही वाद रंगला की बसून राहत होतो.

उडुपी हॉटेलांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांतली प्रमुख दोन आजही चालू आहेत आणि जे चालू आहे त्याचा शोक करू नये. रूपाली आणि वैशाली यांना उभे करणारे जगन्नाथ शेट्टी २०२३ साली गेले तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावर शिकलेल्या कितीतरी पिढ्यांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. तिथली इडली आजही तशीच मऊ असते. फक्त दारात नाव लिहून उभे राहावे लागते आणि आपण खात असताना वाट पाहणाऱ्यांचे डोळे आपल्या पाठीवर असतात. त्यामुळे तिथे जेवता येते, पण बसता येत नाही.

परमिट रूमविषयी लिहिताना मराठीत अजूनही लोक आवाज खाली आणतात. मला तसे करायचे नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातली ती एक खरी जागा होती. 'परमिट रूम' या शब्दातच आपल्या राज्याचा इतिहास आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू वर्ज्य ठरवली, पुढे बंदी सैल झाली, पण कायद्याचा सांगाडा राहिला आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा ही अट कागदावर आजही आहे. त्या परवान्याची खोली ती परमिट रूम. मी एम. एस्सी.साठी गणेशखिंडीला विद्यापीठात जाऊ लागलो तेव्हा एकवीस वर्षांचा झालो होतो, म्हणजे बिअर मागवण्याच्या वयाचा. कर्वे रस्त्याच्या मागच्या अंगाला एक परमिट रूम होती. बाहेर उन्ह कितीही असो, आत कायम संध्याकाळ असे. तांबड्या रेक्झिनची बाके, भिंतीत बसवलेली माशांची पेटी आणि तिच्यातला एकुलता पिवळा मासा मला अजून दिसतो. एक बाटली तिघांत पुरवून प्यायची आणि चखणा तीनदा मागायचा, हा आमचा रिवाज. उकडलेले चणे, काळे मीठ लावलेली काकडी आणि चुरलेला पापड यांचे पैसे तिथे लावत नसत.

तिथे एक अण्णा होते. उडुपीकडचे, पन्नाशीचे, कानाशी पेन खोचलेले. आम्ही काय बोलतो ते ऐकू येत नसल्यासारखे उभे राहत आणि सगळे ऐकत. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी आमचा जळगावचा मित्र फार खचला होता. त्याने एकामागून एक दोन बाटल्या संपवल्या आणि तिसरी मागवली. अण्णांनी तिसरी आणली नाही. त्यांनी डाळ-खिचडीची थाळी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "परवा पेपर आहे ना तुमचा? आता जेवा. पेपर झाल्यावर या, मी आहे." मित्र चिडला, मग रडला आणि मग जेवला. त्या थाळीचे पैसे बिलात नव्हते. माझा मित्र पुढे प्राध्यापक झाला, आता निवृत्तीला आला आहे, आणि त्या रात्रीविषयी आम्ही दोघे कधीही बोललो नाही. पण दर वर्षी परीक्षांच्या दिवसांत तो मला फोन करतो आणि सहज विचारल्यासारखे विचारतो, "त्या बाजूला गेला होतास का रे?"

गेलो होतो. ती परमिट रूम करोनाच्या काळात बंद झाली. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि आपल्या राज्यात हॉटेले पुन्हा उघडली ती ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. इतर गावांतली हॉटेले कशीबशी सावरली असतील, पण महाविद्यालयांवर जगणाऱ्या हॉटेलांना दुहेरी मार बसला, कारण दारे उघडली तेव्हा गिऱ्हाईकच गावी गेलेले होते. वर्ग ऑनलाइन झाले होते, खाटा रिकाम्या पडल्या होत्या, खाणावळींचे गॅस बंद होते. २०२१ च्या दिवाळीत मी तिथे गेलो तेव्हा शटरवर 'जागा भाड्याने देणे आहे' असा कागद होता आणि वरच्या पाटीवर 'परमिट रूम व बिअर बार' ही अक्षरे अर्धी पुसलेली होती. अण्णा तर त्याच्या कितीतरी आधीच गावी गेले असणार. मित्राला मी एवढेच सांगितले की पाटी अजून आहे.

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहायला घेतला.

आमची खाणावळ पेठेतल्याच दुसऱ्या एका वाड्यात होती आणि ती एक काकू चालवीत असत. पाटी नव्हती, नाव नव्हते. महिन्याचे एकशे चाळीस रुपये, दोन वेळचे जेवण, रविवारी दुपारी गोड आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. पुण्यात शिकलेल्या प्रत्येक बाहेरगावच्या माणसाला रविवारची ती संध्याकाळ आठवत असेल. सगळ्या खाणावळी एकाच वेळी बंद असत, घरची आठवण त्याच वेळी येई आणि आम्ही इराण्याकडे जात असू ते बहुतेक त्याच भुकेपोटी. दाराशी सुतळीला पेन्सिल बांधलेली एक वही टांगलेली असे. जेवायला यायचे नसेल त्याने आदल्या दिवशी त्या वहीत आपल्या नावापुढे खाडा लिहायचा, म्हणजे तेवढे पैसे वजा होत. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जात नसे. काकू कडक होत्या. ताटात टाकलेले त्यांना चालत नसे, आणि उशिरा येणाऱ्याला कोमट आमटीच मिळे. पण पहिल्या महिन्यात पोळीचे तुकडे मी कसेबसे गिळतो आहे हे त्यांनी पाहिले असावे. त्यांनी विचारले, "कुठला रे तू?" परभणी म्हणताच त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी माझ्या ताटात ज्वारीची भाकरी आली. तिला कडेने भेगा गेल्या होत्या, एका बाजूने ती जळली होती आणि मधोमध कच्ची होती. काकू कोकणातल्या होत्या, ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी कसे घालायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. मी ती सगळी खाल्ली. पुढे दर गुरुवारी भाकरी येत गेली आणि दर गुरुवारी ती थोडी अधिक गोल होत गेली. दिवाळीपर्यंत ती टम्म फुगू लागली. सात वर्षे, उन्हाळ्याच्या सुट्ट्या सोडल्या तर, एकही गुरुवार चुकला नाही.

मे १९९१ मध्ये वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मी हातातली पुस्तके खाटेवर टाकून रात्रीची एसटी पकडली. वडील गेले. मग घर, धाकटी भावंडे, नोकरीचा शोध, यांत दीड वर्ष गेले. मी निघालो त्या महिन्याचे तेवीस दिवसांचे पैसे काकूंना द्यायचे राहिले होते. हे मी एक दिवसही विसरलो नव्हतो, पण पोस्टाने पाठवायचे तर त्या वाड्याचा घरक्रमांक मला माहीत नव्हता आणि काकूंचे आडनावही मला माहीत नव्हते. सात वर्षे मी त्यांच्या हातचे जेवलो आणि त्यांचे आडनाव विचारले नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात पुण्यात मुलाखतीला आलो तेव्हा आधी पैसे पाकिटात घालून पेठेत गेलो. वाड्याच्या जागी पत्रे लावलेले होते आणि आत खड्डा होता. शेजारच्या वाण्याने सांगितले की काकू मुलाकडे गेल्या, बहुधा चिंचवडला, नक्की ठाऊक नाही. त्या मुलाखतीत मी निवडला गेलो आणि पुण्याचाच झालो. चिंचवड काही दूर नव्हते. मी शोधायला गेलो नाही. आज जाईन, पुढच्या रविवारी जाईन असे म्हणत राहिलो आणि पहिले पाच पगार झाल्यावर जाण्याची लाज वाटू लागली.

सदाशिव आणि नारायण पेठेत आजही कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली तिथे राहतात, अभ्यासिकांत दिवस काढतात आणि खाणावळींत जेवतात. रविवारी संध्याकाळी त्यांतल्या बऱ्याच खाणावळी अजूनही बंद असतात. म्हणजे ती रीत मेलेली नाही, एवढे समाधान मला आहे. गेल्या ते त्या ठरावीक जागा आणि त्यांतली ठरावीक माणसे. रीत चालू राहिल्याने माणसांची भरपाई होत नाही, हे मी चष्म्याच्या दुकानापुढे उभा असताना मला फार स्पष्ट जाणवले.

पाऊस थांबायचे चिन्ह दिसेना, तेव्हा छत्री उघडून मी गुडलकपर्यंत चालत गेलो. बाहेर गर्दी होती, पण एकट्या माणसाला कुठेतरी जागा मिळतेच. एका कोपऱ्यात दोन विद्यार्थिनींच्या टेबलावर त्यांना विचारून बसलो. बनमस्का आणि चहा सांगितला. बनाला मस्का कडेपर्यंत लावलेला होता आणि पहिला घास कोरडा लागला नाही. त्या मुली गावाकडच्या पावसाविषयी बोलत होत्या, त्यांतल्या एकीची बोली आमच्या बाजूची होती. 'कुठली गं तू?' असे विचारावेसे वाटले, पण त्यांच्या बोलण्यात मध्येच शिरणे मला बरे वाटले नाही.

छापील बिल आले. मी उठलो, गल्ल्यापाशी गेलो आणि तिथे जरा थांबलो. मागे कपबशा वाजत होत्या, पंखा फिरत होता, माणसे बोलत होती. मागून हाळी आली नाही. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी हात पुढे केला, तेव्हा भानावर येऊन मी पैसे काढले.